आम्ही बिड्या विकत नाही, वळतो

मंडळी, आजचीच गोष्ट या वाचनालयाच्या फलकावर लिहितो आहे.

आम्ही बिड्या वळतो तिथे मजूर-कचेरीचे साहेब आले. सट्टेदाराने, म्हणजे मालकाच्या ठेकेदाराने, सकाळीच बजावले होते, "तेंदूपत्ता-तंबाखू विकत घेतो अन् बिड्या विकतो, एवढंच सांगा. मजूर म्हनाल तं काम बंद."

साहेबांनी मलाच विचारले, "या बिड्या दुसऱ्या कोणाला विकता येतात का?"

"नाही जी. पत्ता मालकाचा, तंबाखू मालकाची. आम्ही मजूरच आहो."

साहेब गेल्यावर शेजारचा गणपत म्हणाला, "तुले का, एकटा जीव! काम गेलं तं माह्या लेकराईनं का खावं?"

कायद्याने मजूर ठरलो तर रजा मिळेल, म्हातारपणी आधार राहील, असे मी म्हणालो. तो आपले बिड्यांचे सूप उचलून दूर जाऊन बसला. बाकीचेही सरकले.

काम करताना एकाने भजन सुरू करावे आणि बाकीच्यांनी मागून म्हणावे, अशी आमची रीत. संध्याकाळी मी भजनाची ओळ म्हटली. मागून कोणी म्हटली नाही. पुढचे भजन देवाला एकट्यानेच ऐकवले.

तुमच्यापैकी कोणी असे खरे सांगितले आहे का? दुसऱ्या दिवशी तुमच्या शेजारी कोणी येऊन बसले का?