खंडेनवमीला मोडलेला पाटा

पासष्ट साली मी सिकंदराबादेत फौजी वर्कशॉपमध्ये हवालदार होतो. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. गाव कळंब, जिल्हा उस्मानाबाद. घरी मला चांदपाशा म्हणतात, फौजेत सगळे उस्ताद म्हणायचे. लढाई नुकतीच थांबली होती, पण सरहद्दीवरची फौज अजून समोरासमोर उभीच होती. आम्हाला तिकडं निघायचा हुकूम आला. गाड्या सडकेनं सोलापूरपर्यंत न्यायच्या, तिथं रेल्वेवर चढवायच्या.

माझी जागा वायरलेसच्या जीपमध्ये होती. ती गाडी लई पळलेली. मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून चालू झालं होतं. खड्ड्यात गेली की पुढून असा खडखडाट व्हायचा की बोललेलं ऐकू येत नसे. जीपच्या ॲक्सलवर लोखंडी पाट्यांची कमान असते. एकावर एक पाटे, वरचा सगळ्यांत लांब. तो मेन पाटा. त्याच्याच दोन टोकांना गोल डोळे वळवलेले असतात, आणि त्या डोळ्यांत बुश बसवून कमान चेसीला टांगलेली असते. आमचे बुश झिजले होते आणि मेन पाटाही थकला होता. मी दोन्ही मागितलं. स्टोअरमधून बुश आले, पाटा आला नाही. निघायच्या आधी मी स्टोअरमध्ये जाऊन भांडून आलो, पण पालथ्या घड्यावर पाणी. बुश पेटीत टाकले आणि सोलापुरात बदलू म्हटलं.

ड्रायव्हर होता लान्स नायक मारुती. तुळजापूर तालुक्यातला, जळकोटच्या शिवारातल्या एका वस्तीवरचा. म्हणजे आमच्या वाटेवरचाच. हा गडी बोलायचा कमी. गाडीचं तेल-पाणी मात्र त्याला कधी सांगावं लागलं नाही. त्याला चार महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती. रजा मंजूर झाली आणि त्याच आठवड्यात सगळ्यांच्याच रजा बंद झाल्या. पोरीचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. हे त्यानं मला सांगितलेलं नव्हतं. मला लंगरात जेवताना कळलं.

हुमनाबादेत मुक्काम झाला. सकाळी बघतो तर यानं बॉनेटला झेंडूची माळ बांधलेली. खंडेनवमी होती. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं घासून पुसून मांडतात, हळदीकुंकू वाहतात, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलत नाहीत. मारुती म्हणाला, उस्ताद, तुमची पाने-हातोड्याची पेटीपण पुजतो. मी म्हणालो, सोलापुरात पूज, आत्ता गाडी काढ. मला प्रवासात आधीच दम निघत नाही, त्यात ती गाडी. उमरगा गेलं, येणेगूर गेलं. प्रत्येक खड्ड्याला मी मनातल्या मनात त्या स्टोअरवाल्याचं नाव घेत होतो.

जळकोटच्या अलीकडं एका मोरीवर गाडी आदळली आणि पुढून बंदूक सुटावी तसा आवाज झाला. गाडी डावीकडं झुकली. मारुतीनं ती सांभाळून कडेला घेतली. मी खाली वाकलो. डावा मेन पाटा डोळ्यापासून वीतभर अंतरावर सरळ मोडला होता. ॲक्सल मागं सरकला होता आणि चाक मडगार्डला घासत होतं.

वायरलेसवर आमच्या ताफ्याच्या सुभेदार साहेबांना सांगितलं. ते पुढं नळदुर्गाजवळ होते. रिकव्हरीची लॉरी आधीच दुसरी गाडी ओढत होती.

"मेन लीफ टूट गया, साहब. स्पेअर नहीं है. ओव्हर."

"गाँव में बनवा लो. कल दोपहर लोडिंग है. गाडी उससे पहले चाहिए. आउट."

बस्स, एवढंच. गाडी वेळेवर पोचली नाही तर मालगाडी तिच्यावाचून सुटणार, आणि जबाब मला आणि मारुतीला द्यावा लागणार. आम्ही फळी बांधून गाडी रांगत रांगत जळकोटात लोहाराच्या भट्टीपर्यंत आणली. दुपार कलली होती. सडकेनं तुळजापूरला निघालेल्या लोकांची रीघ लागलेली. पोतराज, परडीवाल्या बाया, बैलगाड्या.

लोहाराला गावात अप्पा म्हणत. साठीचा माणूस, अंगानं वाळका, हात मात्र दणकट. मी त्यांना मोडका पाटा दाखवला. त्यांच्या अडगळीत निजामाच्या काळातल्या कुठल्याशा मोटारीचे जुने पाटे पडले होते. विळे-कोयते करायला लोहार असले पाटे जपून ठेवतात, पोलाद चांगलं असतं. एक पाटा रुंदीला बरोबर जुळला. मला हायसं वाटलं. तापवून दोन डोळे वळायचे, तेलात बुडवून पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद कडक करायचं, की झालं काम. अंधाराच्या आत सोलापूर गाठू, असं मी बोलूनही गेलो.

अप्पांनी पाटा खाली ठेवला आणि भट्टीकडं बोट दाखवलं. ऐरण, घण, सांडशी, भाता, सगळं धुऊन मांडलेलं. हळदीचे पट्टे, झेंडूची फुलं, पुढं दिवा.

"आज हत्यार उठत न्हाय, साहेब. उद्या सकाळी पूजा उतरवली की पहिला घण तुमचाच."

माझा पारा चढला. मी मुसलमान माणूस, पण या मुलखात वाढलेला. खंडेनवमी मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दुसरा कुणाचा नांगर-बिंगर असता तर मी गप्प बसलो असतो. फौजेची गाडी आहे, सरहद्दीवर चाललीय, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग मी मारुतीकडं हात केला आणि जे बोलू नये ते बोललो. म्हटलं, ह्या गड्याकडं बघा, ह्याचं घर इथून कोसभर आहे, पोटच्या पोरीचं तोंड बघितलं नाही यानं, तरी घरी जाऊ का म्हणून तोंड उघडत नाही, गाडीपाशी उभा आहे, आणि तुम्हाला एक घण उचलायचा जड होतोय?

अप्पांनी मारुतीकडं नीट बघितलं. तू कुणाचा म्हणून विचारलं. त्यानं बापाचं नाव सांगितलं. अप्पांनी मान हलवली, आणि मला म्हणाले की देवीचं काम आहे, आपल्या हातात काही न्हाय, उद्या तांबडं फुटायला या.

मी बाहेर येऊन गाडीला लाथ मारली. गाडीला काय व्हायचं होतं, पायच दुखला. थोडा वेळ इकडून तिकडं फेऱ्या मारल्या. गावात दुसरी भट्टी नाही. अणदूरला एक होती, पण तिथंही खंडेनवमीच होती. जुना पाटा काढून ठेवणं आणि बुश बदलणं एवढंच माझ्या हातात होतं, आणि त्याला मी एकटा पुरे होतो. मारुती जॅक हातात घेऊन माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. त्यानं विचारलं असतं तर मी कदाचित नाहीच म्हणालो असतो. त्यानं विचारलं नाही.

"जा," मी म्हणालो. "उजाडायच्या आत इथं पाहिजेस."

त्यानं जॅक खाली ठेवला, सॅल्यूट केला आणि वळला. बांध ओलांडेपर्यंत चालत गेला. पुढं पळाला असावा, कारण ज्वारीच्या वर त्याची टोपी वरखाली होताना दिसत होती.

मी जीप दगडांवर चढवली. यू-बोल्ट गंजून बसलेले, रॉकेल टाकून टाकून सोडवले. कमान उतरवली, जुने बुश ठोकून काढले. उजव्या बाजूचेही बदलले. काम संपलं आणि मन खायला उठलं. वाटायचं, हा आला नाही तर? बायकोनं, आईनं धरून ठेवला तर? माणूस आहे, सरहद्दीवर चाललाय, पोर मांडीवर आहे. मी त्याच्या जागी असतो तर परत आलो असतो का, हे मी स्वतःला विचारत होतो. अप्पांच्या घरून पुरणाची पोळी आली. खाल्ली, पण चव कळली नाही. झोप काही आली नाही.

तांबडं फुटायच्या आधी मारुती माझ्या समोर उभा होता. दाढी केलेली, युनिफॉर्मच्या खांद्यावर ओला डाग.

"काय रे?" मी विचारलं.

"पोरगी दूध वकली, उस्ताद." मग जरा थांबून म्हणाला, "माझी मिशी धरली तिनं. सोडंचना."

एवढं लांबलचक तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मला हसू आलं आणि रात्रभरचा राग कुठल्या कुठं गेला.

अप्पांनी दिवा लावला, पूजा उतरवली, हत्यारांना हात जोडून घण उचलला. मारुतीनं भाता ओढला, मी सांडशी धरली. पाटा लाल झाला की अप्पा टोक वळवायचे, मी नवा बुश घालून माप बघायचो. एकदा डोळा ढिला झाला, पुन्हा तापवला. शेवटी करडईच्या तेलात पाणी दिलं. पाण्यात बुडवला असता तर काचेसारखा तडकला असता. कमान बांधली, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट कसले, चाक चढवलं. गाडी खाली सोडली तेव्हा नवा पाटा जरा ताठ वाटला, पण बसला. निघताना मारुतीनं मोडक्या पाट्याचा लांब तुकडा अप्पांच्या हातात दिला आणि कानाशी काही बोलला. डोळ्याकडचा आखूड तुकडा गाडीत टाकला. फौजेत जुना पार्ट जमा करावा लागतो, हे त्याला माहीत होतं. मी बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

सोलापूरला पोचलो तेव्हा आमच्या पुढची गाडी मालगाडीच्या वाघिणीवर चढत होती. सुभेदार साहेबांनी नव्या पाट्यावर बुटानं दाब देऊन बघितलं. मग जुना मागितला. वीतभर तुकडा हातात घेतला.

"बाकी?"

मारुती ताठ उभा. मीही. साहेबांनी मारुतीच्या खांद्यावरचा डाग बघितला. बहुतेक त्यांना पोरंबाळं असावीत.

"ठीक है. गाडी चढाओ."

हिवाळ्यात आम्ही सरहद्दीजवळच्या एका गावात होतो. लढाई थांबली होती, पण पेरलेले सुरुंग शेतात तसेच होते. मारुती टपाल घेऊन पुढच्या चौकीवर चालला होता. उसाच्या फडाजवळ समोरून ट्रॉली आली, तिला वाट द्यायला त्यानं उजवं चाक कडेला उतरवलं आणि खाली सुरुंग फुटला. गाडी ओढून आणायला मीच गेलो. मारुती जागीच गेला होता, त्याला तोवर नेलं होतं. गाडीची उजवी बाजू राहिलीच नव्हती. डावी कमान जशीच्या तशी होती, अप्पांच्या पाट्याला एक ओरखडासुद्धा नव्हता. मी तिथं मातीत बसलो आणि रडलो. माझ्याबरोबरचे दोघं जण पाठ करून उभे राहिले.

पेन्शनीवर आल्यानंतर एका खंडेनवमीला मी एसटीनं जळकोटला उतरलो. मारुतीच्या घरी जायचं होतं. इतकी वर्षं हिंमत झाली नव्हती. आधी अप्पांकडं गेलो. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, मुलगा भट्टी बघत होता. मी बसलोय तोवर यात्रेकरूंची एक बैलगाडी आली, चाकाची लोखंडी धाव निखळलेली, गाडीत म्हातारी माणसं. मुलानं बापाकडं बघितलं. अप्पा म्हणाले, फोड नारळ. त्यानं देवीचं नाव घेऊन ऐरणीपुढं नारळ फोडला, घण उचलला आणि कामाला लागला.

मी बघत राहिलो. मग विचारलं, "अप्पा, हे असं चालतं?"

"अडल्यानडल्याचं काम असलं की चालतंय. पयल्यापासनं."

"मग माझ्या वेळी?"

अप्पा हसले नाहीत.

"तुमीच सांगितलासा की, पोरगी बघितली न्हाय त्यानं म्हणून. नारळ फोडला असता तर तुमी दिवस मावळायला सोलापुरात असता. त्यो पोरगा आलाच न्हाय न्हवं पुन्ना?"

"नाही आला."

"मग झालं."

त्यांचा नातू मला वस्तीवर सोडून आला. मारुतीची बायको सखूबाई ज्वारी निवडत बसली होती. मी नाव सांगितलं तशी ती उठली, पदर घेतला आणि आत वळून म्हणाली, "अंबू, बाबांचे उस्ताद आलेत. पाणी आण." पाणी घेऊन आली ती उंच, रुंद कपाळाची पोर, अगदी बापाच्या चेहऱ्याची.

घरात कोनाड्याखाली पाट मांडला होता. त्यावर कुऱ्हाड, खुरपी, पाभरीचा फाळ. सगळ्यांच्या पुढं एक विळा, लांब पात्याचा, वापरून वापरून धार आत गेलेली. त्याच्यावर सगळ्यांत जास्त फुलं. अप्पांनी करून दिलेला, सखूबाई म्हणाली, ह्यांनीच सांगून ठेवलं होतं. दर वर्षी पहिली हळद त्यालाच. मला ते पोलाद ओळखू आलं. पात्याच्या पाठीवर पाट्यांच्या घासण्याचा जुना चरा अजून होता. इतकी वर्षं पार्ट हाताळायची खोड, माझा हात आपोआप पुढं गेला.

"चाचा," अंबू हळूच म्हणाली, "आज उचलायचं न्हाय."

नारळ फोडून उचलता येतो, हे मला त्याच दिवशी अप्पांकडं कळलं होतं. मी हात मागं घेतला. दोन्ही हात जोडले, आणि लान्स नायक मारुतीपुढं बसावं तसा त्या विळ्यापुढं बराच वेळ बसून राहिलो.