मदरबोर्डवरचं दव

अप्पाराव मगरे जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून लागले आणि परिचर म्हणूनच रिटायर झाले. मधली एकतीस वर्षं अंबड तालुक्यातली निम्मी गावं मात्र त्यांना डॉक्टर म्हणत होती. खऱ्या डॉक्टरसाहेबांकडे चार-चार दवाखान्यांचा भार. त्यामुळे माजावर आलेल्या गाईपाशी सायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधून पोचणारा माणूस म्हणजे अप्पाराव. त्या कंटेनरात कृत्रिम रेतनाच्या, म्हणजे वळूच्या वीर्याच्या, कांड्या उणे एकशे शहाण्णव अंशांवर ठेवलेल्या असत. शेतकरी त्यांना थेट गोठ्यात नेत, काम झालं की पाणी मात्र अंगणात आणून देत, आणि सुरुवातीची काही वर्षं तर ओंजळीत वरून ओतत. अप्पारावांनी त्याची कधी तक्रार केली नाही आणि ते कधी विसरलेही नाहीत.

रिटायर झाल्यावर त्यांना कुणी काही विचारेना. गाईचं विचारायला गावोगावी मोटारसायकलवाले तयार झाले होते, आणि घरात विचारण्यासारखं एकच माणूस, मुलगा सुमित. तो एकतीस वर्षांचा. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून जालन्यात एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, रोज एसटीनं जाऊन-येऊन. बापाची इच्छा सरकारी नोकरीची. पोरानं तीन परीक्षा दिल्या, तिन्हींत थोडक्यात राहिला आणि चौथीचा फॉर्म भरला नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं ‘जेवला का’ आणि ‘हो’ यापलीकडे फारसं जात नव्हतं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान आवाज तरी झाला असता.

म्हणून मे महिन्यात एका सकाळी सुमितनं, ‘बाबा, तुमच्या वळखीनं नायट्रोजन मिळंल का?’ असं विचारलं, तेव्हा अप्पारावांच्या हातातला चहा बशीत सांडला.

‘कशाला? गाय घेऊन राह्यला का काय?’

गाय नव्हती. सुमितचा उद्योग थोडक्यात असा. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला कंपनीनं एक वेग ठरवून दिलेला असतो. जगात काही लोकांना तो पुरत नाही. ते प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जास्त पळवतात. तो तापतो. मग त्याला गार करतात आणि आणखी पळवतात. पंख्यानं भागलं नाही की बर्फाच्या पाण्यानं, त्यानंही भागलं नाही की द्रवरूप नायट्रोजन ओतून. शेवटी स्क्रीनवर एक आकडा येतो, तो इंटरनेटवर टाकायचा. अप्पारावांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण एवढं पळून त्याला जायचं कुठंय?’

सुमित हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग त्यानं सांगितलं, की एका कंपनीची स्पर्धा लागलीय. जुन्या प्रोसेसरच्या गटातल्या पहिल्या वीस जणांना बंगळूरला बोलावणार, आणि तिथून काही जणांना कंपनी आपल्या प्रयोगशाळेत कामाला घेणार.

‘नुसत्या बर्फाच्या पाण्यावर करून राह्यलो बाबा, तरी तेविसावा आलो. नायट्रोजन भेटला तर बराबर पंधरात जाईन. येत्या रविवारी पाचपर्यंत मुदत हाय. एकदाच जमलं पाहिजे, दुसरा बोर्ड न्हाई माझ्याकडं.’

अप्पाराव त्याच दिवशी अंबडहून जालना आणि जालन्याहून बदनापूर गाठून भुजंगकडे गेले. भुजंग म्हणजे खाजगी रेतनाचं काम करणारा, कधीकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस. त्यानं भरलेला जादा कंटेनर काढून दिला. तो एसटीत मांडीशी धरून येताना अप्पारावांचा चेहरा असा होता की शेजारच्या बाईनं विचारलं, घरी काही कार्य आहे का?

शुक्रवार-शनिवार बापलेक मागच्या खोलीत बसले. अप्पारावांची बायको शालूबाई मुलीच्या, साक्षीच्या, दुसऱ्या बाळंतपणाला सेलूला गेलेली, त्यामुळे घरात दोघंच. टेबलावर मदरबोर्ड उघडा ठेवलेला. सुमित त्यावर साक्षीच्या जुन्या लाल नेलपॉलिशचा हात देत होता. प्रोसेसरवर तांब्याचं उभं भांडं बसणार, त्यात नायट्रोजन ओतायचा. भांड्याबरोबर आजूबाजूचा बोर्डही इतका गार पडतो, की हवेतली वाफ तिथं येऊन दव धरते, आणि चालू बोर्डवर पाण्याचा एक थेंब गेला की खेळ खलास. म्हणून आधी नेलपॉलिशचे दोन थर द्यायचे. मग खाचाखोचांत व्हॅसलीन भरायचं, भांड्याभोवती चित्रकार वापरतात तसलं मऊ खोडरबर दाबून बसवायचं, आणि वरून एसीच्या पाइपाला गुंडाळतात तो काळा फोम.

‘हे मला सांगतो का?’ अप्पाराव म्हणाले. ‘कंटेनरच्या गळ्याला बर्फ धरलेला एकतीस वर्षं पाह्यलाय मी.’

ते खोडरबर त्यांनी कणकेसारखं मळलं. सुमितची बोटं जाड, त्यांची बारीक आणि सरावलेली. जिथं फोमखाली पोकळी राहिली असं वाटे तिथं ते नखानं चाचपून बघत आणि पुन्हा भरत. सुमितनं एकदा त्यांचा हात धरून, ‘हा कोपरा तुम्हीच करा बाबा, मला जमून न्हाई राह्यलं,’ असं म्हटलं. अप्पारावांना इतका आनंद झाला की ते उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

वाद एकाच गोष्टीवर झाला. बाहेरची ओल आत येऊ नये म्हणून सुमितला मधलं दार बंद हवं होतं. अप्पाराव ऐकेनात.

‘हा वायू दिसत न्हाई, वास येत न्हाई. खोलीतली हवा ढकलून देतो आन् माणूस बसल्या जागी कलंडतो. दार उघडं, खिडकी उघडी. न्हाईतर मी कंटेनर माघारी नेतो.’

बरोबरच होतं त्यांचं. सुमितनं मान्य केलं आणि बाकीचे नियम सांगितले. रविवारी फरशी पुसायची नाही, गॅस पेटवायचा नाही, ओले कपडे घरात वाळत घालायचे नाहीत, मोरीचं दार बंद. अप्पारावांनी सगळं लक्षात ठेवलं. पुढच्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा कूलर होता, पण त्याचं नाव कुणीच काढलं नाही. नळ आठ-दहा दिवसांनी येणार. पिण्याला पुरवून-पुरवून वापरायचं तिथं कूलरला पाणी कोण पाजतो? उन्हाळा लागल्यापासून तो कोरडाच उभा होता.

रविवारी सकाळी दहाला नळ आला, आणि चांगला जोरात आला. अप्पारावांनी टाकी भरली, ड्रम भरले, हंडे-बादल्या भरल्या, तरी पाणी चालूच. हातचं पाणी वाया कसं घालवायचं? त्यांनी चार बादल्या कूलरमध्ये ओतल्या आणि मनाशी म्हणाले, दुपारी काम झालं की पोराला गार वाऱ्यात बसवू.

दुपारी दोनला सुरुवात झाली. बाहेर बेचाळीस अंश. सुमितच्या कपाटावर हवेतला ओलावा दाखवणारं छोटं यंत्र होतं, त्यात तेरा टक्के दिसत होते. ‘एवढी कोरडी हवा पुण्या-मुंबईच्या पोरांना कुठं भेटती?’ तो म्हणाला. आपल्या उन्हाळ्याचं असं कौतुक अप्पारावांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

ओतायचं काम त्यांच्याकडे. थर्मासमधून बारीक धार, भांड्यातून पांढरी वाफ, कडेला बर्फाची साय. बोर्डवरचे दोन पंखे इतक्या जोरानं घोंगावत होते की बोलायचं तर ओरडावं लागे. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, दोन्ही कमी वेगावर, नुसता अंदाज घ्यायला; स्पर्धेत धरायची ती तिसरी. आकडा वर चढला. सुमितचं लक्ष स्क्रीनवरून हलत नव्हतं, आणि त्याच्या कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता. एक थेंब बोर्डपासून चार बोटांवर टेबलावर पडला.

अप्पारावांनी तो बोटानं पुसला. पाण्याचा एक थेंब. दोन दिवस ज्यासाठी बोटं झिजवली, ते सगळं पोराच्याच घामानं जाणार? त्यांनी टॉवेल दिला, सुमितनं न बघता खांद्यावर टाकला. दुसरा थेंब पडला. मग अप्पाराव थर्मास खाली ठेवून पुढच्या खोलीत गेले, कूलरचा पंप लावला, पंखा लावला आणि माघारी आले.

त्यांच्या हिशेबी कूलर म्हणजे वारा. वाऱ्यानं घाम वाळतो. ओल्या गवतातून आलेला तो वारा उघड्या दारातून सरळ या खोलीत येईल आणि काय घेऊन येईल, हे एकतीस वर्षं दव पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात त्या घटकेला आलं नाही. पोराचा घाम दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं.

पाच-दहा मिनिटांनी सुमित स्क्रीनवरची नजर न काढता ओरडला, ‘बरं वाटून राह्यलं बाबा. हवा सुटली काय बाहेर?’

अप्पाराव नुसते हसले. सांगितलं असतं तर सगळं वाचलं असतं. पण आपण काही केलं आणि पोराला बरं वाटलं, हे त्यांना न सांगता थोडा वेळ जवळ ठेवायचं होतं.

तिसरी फेरी लागली. पूर्ण झाली असती तर तेराव्या नंबरचा आकडा होता. चाचणी शेवटापर्यंत गेली तरच तो धरतात. स्क्रीनवरची पट्टी सरकत होती, ऐंशी टक्के, पंच्याऐंशी. सुमितनं बापाचं मनगट घट्ट धरलं होतं. आणि एकदम स्क्रीन काळी झाली, पंखे थांबले.

खोलीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत पुढच्या खोलीतून कूलरची घरघर आणि त्याच्या गवतावरून पाणी ठिबकल्याचा आवाज येऊ लागला.

सुमितनं मान वळवून दाराकडे पाहिलं. मग कपाटावरच्या यंत्राकडे पाहिलं. त्यात एकावन्न दिसत होते. त्यानं भांडं काढलं, फोम सोडवला, बोर्ड उलटा केला. मागच्या बाजूला फोमची एक कड सुटली होती आणि तिथं दवाचे बारीक थेंब रांगेनं बसले होते. तो कोपरा अप्पारावांनी भरलेला नव्हता, पण त्यानं त्यांना काय बरं वाटणार?

ते उठले, पुढं गेले आणि कूलर बंद केला. बटणाचा खटका दोघांनाही ऐकू आला. परत येऊन ते दारात उभे राहिले. पाय आत पडेना.

सुमितनं केस वाळवायचं यंत्र आणून तासभर बोर्डवर धरलं. चार वाजले, साडेचार वाजले. बोर्ड उठला नाही. पाचला त्यानं प्लग काढला आणि म्हणाला, ‘जुना बोर्ड होता बाबा. आज ना उद्या जायचाच होता.’

दुसऱ्या दिवशी निकालाची यादी लागली. सुमित घसरून सव्विसाव्या नंबरवर गेला होता. अप्पारावांनी यादी विचारली नाही, त्यानंच मोबाइल दाखवला. पोरानं भांडी आपटावीत, एकदा तरी तोंडावर बोलावं, असं त्यांना फार वाटत होतं. सुमित रोजच्यासारखा जात-येत राहिला. उलट जरा जास्तच गोड बोलत होता, आणि तेच सहन होत नव्हतं.

गुरुवारी सकाळी तो डबा भरत असताना अप्पारावांनी विचारून टाकलं, ‘कूलरनं गेला ना रे बोर्ड?’

सुमितनं डब्याचं झाकण लावलं. ‘न्हाई बाबा. कूलरचा काय संबंध? बोर्डातच खोट असंल आधीची. तुम्ही बिलकुल मनाला लावून घेऊ नका.’

हा आवाज अप्पारावांच्या ओळखीचा होता. तीन आठवड्यांनी गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की शेतकरी विचारायचा, डॉक्टर, कांडीत काही कमी होतं का? कधीकधी असायचं. कंटेनर तळाला गेलेला असायचा, किंवा त्यांनाच पोचायला उशीर झालेला असायचा. अप्पारावांना ते पक्कं माहीत असायचं आणि ते असंच, असल्याच मऊ आवाजात सांगायचे, न्हाई हो, तुमच्या गाईचंच अंग धरंना. शेतकरी मान डोलावून गाईकडे बघायचा. ते खोटं अप्पाराव स्वतःची नोकरी सांभाळायला बोलायचे. पोरगं बापाला सांभाळत होतं.

‘माझ्यामुळं गेलं, मला बोल,’ हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण ते काढले असते तर पोरानं चार दिवस कसंबसं धरून ठेवलेलं सगळं त्याच्या हातून सुटलं असतं, आणि बंगळूर काही परत येणार नव्हतं.

‘जुनाच होता,’ अप्पाराव म्हणाले. ‘मला पण तसंच वाटलं.’

सुमितनं मान हलवली, डबा पिशवीत टाकला आणि साडेआठची एसटी धरायला निघून गेला.