पायाखालचं घर

धर्मांतराच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आंजीच्या बाजूला, धाम नदीच्या काठच्या आमच्या गावात, बौद्धवस्तीतलं पहिलं पक्कं घर मी बांधलं. दुसऱ्यांच्या भट्टीवर विटा वाहता वाहता स्वतःची भट्टी टाकली आणि चांगल्या भाजलेल्या विटा न विकता बाजूला काढत गेलो. त्यांचं हे घर, वर गच्ची.

वर्ध्याचा एक चित्रकार गावं बघत हिंडत आला. आमच्या गच्चीवरून नदी, देऊळ, चिंचा, सगळं एका नजरेत येतं, म्हणून काही दिवस बसू द्या म्हणाला. भाडं देऊ करत होता. मी म्हटलं, "भाडं नको पेंटरसाहेब. एका चित्रात माझं घर आलं पाहिजे." त्यानं माझ्या हातावर हात मारला. आमच्या धंद्यात एवढं झालं की सौदा पक्का. मग तो रोज आला, बायकोच्या हातचं जेवला, आणि चित्रं गुंडाळून घेऊन गेला.

हिवाळ्यात वर्ध्याला एका शाळेत प्रदर्शन लागलं. दारावर लिहिलं होतं, 'काल्पनिक निसर्गचित्रे'. बायको ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. घर बघायला आली होती ती, चित्रं नव्हे. नदी आमचीच, पण तळ्याएवढी रुंद. चिंचा आमच्याच. देवळामागे मात्र निळे डोंगर आणि त्यांच्यावर बर्फ! बायको प्रत्येक चित्राला नाक लावून शोधत होती.

"आपलं घर कोठी हाय जी?"

तेवढ्यात चित्रकार पाहुणे घेऊन आला. "यांच्याकडेच होतो मी," तो त्यांना म्हणाला, "आणि जेवलोसुद्धा, बरं का!" पाहुणे त्याच्याकडे असे बघू लागले, जसा काही तो विंचवाच्या बिळात हात घालून आला होता. एक बाई म्हणाली, "धन्य आहे तुमची." मला शिसारी आली.

"जेवले तं काय झालं बाई?" बायको म्हणाली. "रोज तं म्हणत, भाजीत तिखट लय हाय."

मी सरळ विचारलं, घर कुठे आहे? तो हसला. "अहो, तुमच्याच गच्चीवर बसून तुमचं घर कसं दिसणार? ते तर माझ्या पायाखाली!"

सगळे हसले. हे सौदा करताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं, याचा संताप वेगळाच. मी बर्फाकडे बोट केलं. "हा डोंगर दिसला काय तुमाले गच्चीवरून?"

"ती कल्पना आहे."

"जे नाई ते काढलं. घर तं होतं! तुमची कल्पना बर्फापर्यंत जाते, तिले मान खाली घालून पाहाले काऊन जमत नाई?"

मी चित्रातली देवळाशेजारची मोकळी जागा दाखवली. "इथं काढा. आत्ता काढा. सौदा फिटला."

त्यानं त्या जागेकडे खरोखर निरखून पाहिलं. मग लहान मुलाला समजवावं तसं हळू म्हणाला, "तिथं नको हो. चित्र बिघडेल."

तो टाळत नव्हता, खोटंही बोलत नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

"चला जी," बायकोनं बाही ओढली. माझ्या तोंडात थुंकी भरून आली होती. तिथेच, त्या चित्राखाली थुंकणार होतो. पण दाराशी बादली घेऊन फरशी पुसणारी बाई बसली होती. पुसायला तिलाच उठावं लागलं असतं. मी तोंड मिटून रस्त्यापर्यंत गेलो आणि तिथे थुंकलो.