बाजारातली पाणपोई

आमची संस्था शहरातल्या जुन्या वास्तू जपते. रस्तारुंदीसाठी बाजारातली दगडी पाणपोई पाडायचं ठरलं, तेव्हा पालिकेचे इंजिनिअर म्हणाले, "कित्येक वर्षं कोरडीच आहे. ठेवून करणार काय?"

आमच्या प्रमुख सुधाताई एवढंच म्हणाल्या, "मग चालू करतो."

ऑफिसातले आम्ही चौघं आठवडाभर तिच्या नळीतला गाळ खरवडत होतो. ताई पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. मंडईच्या टाकीतून जोडणी मिळाली आणि पाणी आलं, आधी गढूळ, मग नितळ. एक हमाल पाठीवरचं पोतं उतरवून ओंजळीनं पोटभर प्यायला. त्याच्या हनुवटीवरून ओघळणारं पाणी पाहताना वाटलं, वास्तू जपायची म्हणजे तिला पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडू द्यायचं.

ताई हात पुसत म्हणाल्या, "आता पाडायला आले, तर अडवायला आपण एकटे नसू."