खैरुन्निसाने दिलेला शब्द

खैरुन्निसा बाई वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. दुबईशेजारच्या अजमानमधल्या तिच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असो, डबा तिच्याकडूनच जायचा. पण तिचा डूक! एकदा धरला की धरला. आणि ओवेसवर तर तिने तो अगदी हक्काने धरला.

ओवेस गावचाच. रत्नागिरीकडच्या खाडीकाठी दोघांची घरं एका आळीत. सात वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन उतरला तेव्हा चार महिने हिच्याच हॉलमध्ये झोपला, हिच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खाऊन अंगाने भरला. पुढे दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका विमा एजन्सीत चिकटला आणि गळ्यात टाय आला.

तिचा नवरा जमाल फुजैराच्या बंदरात, जहाजांत तेल भरणाऱ्या टर्मिनलवर एकतीस वर्षं राबला. त्या काळी सरकारी दवाखान्याचं कार्ड काढलं की माणूस निर्धास्त. रिटायर होऊन मुलाच्या, रुहानच्या, व्हिसावर अजमानला आला तोवर सगळं पालटलेलं. विम्याची सक्ती सरकारची, पण विकणार खासगी कंपन्या. आणि साठी ओलांडलेला माणूस दिसला की कंपन्यांच्या कपाळाला आठ्या. प्लॅनचे आकडे रुहानच्या पगारात बसेनात. तेव्हा ओवेस धावून आला.

"चाची, टेन्शन कशाला घेतेस? मैं हूँ ना! घरचंच काम आहे."

फॉर्म भरताना खैरुन्निसाने त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, यांना बारा वर्षं शुगर आहे. गोळ्यांची पिशवीसुद्धा आणून पुढ्यात ठेवली. "हो हो, मी बघतो," म्हणाला आणि जमालची सही घेऊन गेला. आता गावचा पोरगा, घरात जेवलेला. त्याने भरलेला कागद वाचून बघायचा म्हणजे त्याचा अपमानच की! कुणी वाचला नाही.

दीड वर्षाने जमालच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. डॉक्टर म्हणाले, शुगरमुळे झालंय, उशीर करू नका. कंपनीने नकार कळवला: फॉर्मवर शुगरपुढे ‘नाही’ लिहिलंय, तुम्ही आजार लपवलात. रुहानने हातापाया पडून, उसनवारी करून ऑपरेशनची सोय करेपर्यंत सहा आठवडे गेले. डोळाही गेला. कायमचा.

खैरुन्निसाने ओवेसला फोन लावला. तर तो म्हणतो कसा, "चाची, ‘हो’ लिहिलं असतं तर प्रीमियम डबल झाला असता. मी तुमचंच भलं बघितलं. सगळे असंच करतात. आता झालं ते खलास. दुसऱ्या डोळ्याला काही नाही होणार, इन्शाल्ला."

खलास! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडली मात्र नाही. ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने म्हणाली, "ह्या मेल्याला असा रडवीन, की गावात ह्याच्या आईला ऐकू जाईल." जमालने ते ऐकलं.

चार महिन्यांनी जमालच्या डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले. डॉक्टरांनी लेझर आणि इंजेक्शनं लिहून दिली. कंपनीचं उत्तर तेच. रुहान आधीच्याच कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. एकच डोळा उरलेला माणूस, आणि तोही विझत चाललेला!

आणि नेमका त्याच आठवड्यात ओवेस मिठाईचा बॉक्स घेऊन दारात. चिपळूणच्या फिरदोसबाईंची मुलगी नबिला त्याला सांगून आली होती. मुलगा गल्फमध्ये असला की मुलीकडचे आधी तिथल्या गाववाल्यांकडे चौकशी करतात आणि मगच होकार देतात. ओवेसच्या आळीतलं इथे दुसरं कोण होतं?

"चाची, त्यांचा फोन येईल. मागचं सोड ना. तुझ्या एका शब्दावर आहे सगळं."

खैरुन्निसाने त्याला आधी पोटभर जेवू घातलं. मग ताट उचललं आणि त्या जागी कागद ठेवला.

"लिही. जमालचाचांनी शुगर आहे म्हणून सांगितलं होतं, ‘नाही’ मी माझ्या मनाने लिहिलं. खाली सही."

"चाची, माझी नोकरी जाईल!"

"माझ्या माणसाचा डोळा गेला. लिही. फिरदोसला सांगते, पोरगा हिरा आहे. शब्द देते."

आत बसलेल्या जमालने तो शब्द ऐकला. ओवेसने लिहून दिलं.

रुहानने तो कागद लावून विमा कंपनीकडे तक्रार केली आणि तीन आठवड्यांत उपचारांच्या खर्चाला मंजुरी आली. डावा डोळा वाचला. आणि ओवेसचं काय झालं? एजन्सीने समज दिली आणि या टेबलावरून उचलून त्या टेबलावर बसवला. बस्स! जित्याजागत्या माणसाचा डोळा घालवल्याची शिक्षा एवढीच! खैरुन्निसाला हे कळलं तेव्हा ती हसली. ते हसू बघून रुहानची बायकोसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर गेली.

शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर फिरदोसबाईंचा फोन आला. खैरुन्निसाने तो स्पीकरवर टाकला. जमाल समोरच बसला होता.

"खैरुआपा, तुमच्या भरवशावर पुढे जातोय आम्ही. मुलगा कसा आहे?"

"दिसायला छान. नोकरी आहे. व्यसन नाही."

जमालने सुटकेचा श्वास सोडला.

"आणि खाल्ल्या घरचे वासे मोजणारा आहे," खैरुन्निसा त्याच सुरात पुढे म्हणाली. "चार महिने माझ्या घरात जेवला आणि खोटा फॉर्म भरून माझ्या माणसाचा डोळा घालवला. मी म्हणते म्हणून नको. त्याने लिहून दिलंय, सहीसकट. पाठवू?"

फिरदोसबाई म्हणाल्या, "पाठवा."

तिने पाठवलं. तासाभरात ओवेसचे फोन सुरू झाले. अकरा वेळा. तिने मोबाइल मुद्दाम टेबलाच्या मधोमध ठेवला आणि वाजू दिला. प्रत्येक रिंगला तिला गार गार वाटत होतं.

"तू शब्द दिला होतास, खैरू," जमाल म्हणाला.

"दिला होता."

"त्याच शब्दावर माझा हा डोळा वाचलाय."

जमाल उठला, खुर्ची ओढत खिडकीशी नेली आणि तिच्याकडे पाठ करून बसला. खाली किनाऱ्याकाठचा कॉर्निश रस्ता होता, पलीकडे समुद्र.

"बसा तिकडे तोंड करून," खैरुन्निसा म्हणाली. "समुद्र दिसतोय ना? मग झालं तर."