उजळणीपुरते सर

सरांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते फळ्यासमोर उभे होते आणि तोंडात क्रियापदच होतं. जर्मनच्या पहिल्या वर्गाला ‘जाणे’ची रूपं चालवून दाखवत असताना खडू खाली पडला. मुलांना वाटलं, सर तो उचलायला वाकले. ते कोसळले होते.

पुढे हात हळूहळू सुटला. पाय फरफटत का होईना, चालू लागला. बोलण्याचं मात्र विचित्र झालं. नावं थोडी परत आली: चष्मा, दार, चहा, पाणी. क्रियापद एकही आलं नाही. सर नुसतं ‘पाणी’ म्हणत. ते हवंय, सांडलंय की उकळतंय, हे बायकोनं ओळखायचं.

बायकोला क्लासमधली मुलं मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं. त्या घरी बसून लोकांचे कपडे आखूड, सैल, घट्ट करून देत. सर शिलाई मशीनशेजारीच वर्गाची तयारी करायचे, त्यामुळे त्यांचं ठरलेलं भाषण बाईंना पाठ होतं. क्रियापद म्हणजे घरातला गडी, कर्ता येईल तसा त्यानं सदरा बदलायचा. जर्मन गडी जवळजवळ प्रत्येकासाठी बदलतो. फ्रेंच गडी कागदावर बदलतो, पण कानाला फारसं कळू देत नाही. चिनी गडी कुणाच्या बापासाठी सदरा बदलत नाही. आणि आपला? आपला आधी वाकून बघतो, समोर बाई आहे की बुवा. इथे वर्ग हसायचा. घरी तयारीत हे वाक्य आलं की मास्तरीणबाई दोरा ओवता ओवता ‘आता हसतील’ म्हणायच्या, आणि सर रागावायचे.

क्लासचे संचालक सरांचेच जुने विद्यार्थी. भेटायला आले तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले की नवी तुकडी सुरू होईपर्यंत सरांची जागा धरून ठेवतो, त्यापुढे नवा माणूस घ्यावाच लागेल. सरांना ते सगळं समजलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, “खडू.” त्या दिवसापासून मास्तरीणबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट होती. नवी तुकडी यायच्या आत सरांना वर्गात उभं करायचं.

दवाखान्यातली स्पीच थेरपिस्ट चित्रं दाखवायची. आंबा खाणारा माणूस दाखवला की सर म्हणत, “माणूस. आंबा.” त्या दोघांमध्ये काय चाललंय ते जिभेवर येत नसे.

एका दुपारी मास्तरीणबाई मशीन चालवत होत्या. सर खिडकीशी गप्प बसलेले. वैतागून, किंवा उगीच चाळा म्हणून, त्या सरांच्याच सुरात जर्मनमधला ‘मी’ म्हणाल्या, “इख...” आणि मागून आवाज आला, “इख गेये, दू गेस्ट, एर गेट, वीर गेयन...” ‘जाणे’ची सगळी रूपं, पार शेवटपर्यंत, वर्गातल्या खणखणीत आवाजात. उजवा हात खडू धरल्यासारखा वर गेला होता. बाईंचा पाय मशीनवरून निघाला. त्यांनी पुन्हा ‘इख’ म्हटलं. पुन्हा तेच, जसंच्या तसं.

थेरपिस्टला हे सांगितलं तर ती काही आनंदली नाही. अशा पेशंटना आकडे येतात, वार येतात, लहानपणीची प्रार्थना येते, असं तिनं समजावलं. “ते बोलणं नाही, काकू. ती घसरगुंडी आहे. एकदा बसलं की माणूस खालीच जातो.”

मास्तरीणबाईंनी त्यातलं हवं तेवढं ऐकलं. येतं तर खरं, एवढंच घेऊन त्या घरी आल्या. मग त्यांनी आपल्या भाषेतही सराव सुरू केला. रोज सरांसमोर बसून म्हणायचं: मी येते, मी जाते, मी बसते. सर त्यांच्या ओठांकडे बघत राहायचे.

धाकटे दीर एकदा येऊन निघाले तेव्हा सर दारापर्यंत आले आणि स्पष्ट म्हणाले, “मी जाते.” दीर खो खो हसले. “अरे दादा, जन्मभर लोकांच्या याच चुका काढल्यास की रे तू!” मग त्यांचं वहिनीच्या तोंडाकडे लक्ष गेलं.

“येतंय तेवढं येऊ द्या, भाऊजी,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “पुल्लिंग मागाहून बघू.”

सरांशी एखाद्या पुरुषानं बोलायला हवं, असं थेरपिस्टचं मत पडलं. दिरांनी दर रविवारी यायचं कबूल केलं. थोडे दिवस आलेही. पुढे त्यांना कामं निघाली.

तुकडी सुरू व्हायची वेळ आली तशा मास्तरीणबाई स्वतः संचालकांकडे गेल्या. समजावून सांगणं, तपासणं सरांना जमणार नाही, हे त्यांनी आधीच मान्य केलं. फक्त उजळणी द्या, म्हणाल्या. सर रूपं म्हणतील, मुलं मागून म्हणतील.

“ते मोबाइलवरही होतं, काकू,” संचालक म्हणाले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या सरांच्या खुर्चीकडे गेली, आणि एक तास घेऊन बघू म्हणाले.

त्या सकाळी सरांची दाढी झाली. मान बारीक झाली होती म्हणून सदऱ्याची कॉलर मास्तरीणबाईंनी आदल्या दिवशीच आत घेतली होती. क्लासचा जिना सर कठडा धरून चढले. वर्गात परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सेस होत्या, सगळ्या नव्या. बाई दारात उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “इख.”

सर सुरू झाले. वर्ग मागून म्हणू लागला. संचालक पॅसेजमध्ये थबकले, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. सर शेवटच्या रूपाशी पोचून थांबलेसुद्धा. मास्तरीणबाईंनी दाराची चौकट सोडली.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, ‘आम्ही उद्या जातो’ कसं म्हणायचं?”

सर तिच्याकडे वळले. प्रश्न आला की ते पूर्वी वळायचे तसेच, खुशीत. तोंड उघडलं. इख गेये, दू गेस्ट, एर गेट, वीर गेयन. ‘वीर गेयन’ म्हणजे ‘आम्ही जातो’; उत्तर आलं होतं. इथे थांबायचं होतं. सर त्यावरून पुढे गेले. शेवटाला पोचले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मुलींनी एकदा मागून म्हटलं. दुसऱ्या खेपेला कुणी तरी फिसकन हसलं. नंतर कुणी म्हणेना की हसेना. सरांना कळत होतं. तोंड चालू होतं आणि डोळे दारात बायकोला शोधत होते.

“अहो, पुरे,” मास्तरीणबाई आत येऊन म्हणाल्या. त्यांनी हात धरून सरांना बाहेर आणलं. जिना उतरेपर्यंत ते चालूच होतं.

संचालक खालपर्यंत आले. सरांचा छानसा सत्कार करायचं मनात आहे, म्हणाले.

“नको,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “उत्तराचं भाषण कोण करणार?”

त्यानंतर त्या घरात ‘इख’ कुणी म्हटलं नाही. समोर बसून घ्यायचा सरावही राहिला. संध्याकाळी सर म्हणाले, “पाणी.” बाईंनी मशीन थांबवून भांडं भरून आणलं. सरांनी मान हलवली, ते नको होतं. भांडं ठेवून बाई पुन्हा मशीनवर बसल्या आणि कुणाच्या तरी पॅंटची शिलाई उसवू लागल्या.