प्रतिभाने न बोललेलं वाक्य

ईशा, निहार,

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या घरात देव्हाराच नाही, तर भूतखेत कुठून येणार? माझ्या आजोबांनी इथेच नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात पहिला प्रश्न एकच — पुरावा काय? मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, मुलांना वक्तृत्वाचे धडे दिले. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते. काही सुचलं तर कळवा...

आपल्या नंदनवनच्या विहाराचा हॉल तुम्हाला आठवत असेल. एरवी तिथे मुलं अभ्यासाला बसतात. तो आता कायमचा लग्नांसाठी भाड्याने द्यायचा, असं कमिटीने मनावर घेतलं. रविवारी वंदनेनंतर सभा, मग हात वर करून मतदान. अभ्यासिकेच्या बाजूने बोलायला मागच्या गल्लीतली प्रतिभा तयार झाली. ती ब्लाउज शिवते, नवरा बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात रातपाळीला जातो, मुलगी बारावीत आहे.

शिकवणी अर्थातच माझ्याकडे. पहिल्या दिवशी ती पदराचं टोक पिळत जमिनीकडे बघून बोलली. म्हणाली, "मावशी, माईक पाहिला का पळून जावंसं वाटते वं." मी म्हटलं, जमिनीला मत नसतं, मागच्या रांगेला असतं, तिकडे बघ. तेव्हा हसली. पाय स्थिर, श्वास पोटातून, हात मोकळे... हळूहळू जमत गेलं.

एका दुपारी बोलता बोलता सांगून गेली, "पोरीचा बाप दिवसा झोपते, खोलीत लाइट लावता येत नाही. हॉल बंद असला का माही पोरगी न्हाणीत पाट टाकून वाचते." आणि लगेच बजावलं, कोणाले सांगू नका, तिच्या बापाले लाज वाटन. मी म्हटलं, हेच तुझं शेवटचं वाक्य. आधी थांबायचं, तळहात उघडायचे, मागच्या रांगेकडे बघायचं — आणि मग हे. फार आढेवेढे घेऊन तयार झाली.

रविवारी मी स्टेजवर तिच्या शेजारीच खुर्चीत होते. छान बोलली. मग थांबली. तळहात उघडले. मागच्या रांगेकडे पाहिलं... आणि वाक्य आलंच नाही. दुसऱ्या रांगेत नवरा बसला होता. तिचे ओठ घट्ट मिटलेले. मी मनात म्हणत होते, बोल गं बाई. तिने हात खाली घेतले, जयभीम म्हटलं आणि बसली.

मला वाटलं, गेली अभ्यासिका.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कमिटीचे सचिव उठले. हॉल भाड्याने द्यायची कल्पना त्यांचीच. चष्मा काढून म्हणाले, "न्हाणीत? पाट टाकून? ताई, आमाले काहून नाही सांगितलं?"

मी प्रतिभाकडे वळून पाहिलं, तर ती माझ्याकडेच बघत होती.

तिचा नवरा उभा राहिला. "खरं आहे ते," म्हणाला. "मी झोपून राहतो, अन् पोरगी तिथं वाचून राहते." बायका डोळे पुसत होत्या. मतदान झालं. भाड्याच्या बाजूने एकही हात वर आला नाही, सचिवांचासुद्धा.

नंतर मी एकेकाला वेगवेगळं गाठून विचारलं. सगळ्यांनी तिच्या तोंडून ऐकलं म्हणून तेच वाक्य सांगितलं, पाटासकट. नवऱ्याने आधी कोणाला सांगितलं असेल, असा संशय घेतला, तर तो म्हणाला, मी तर तिने सभेत घरची गोष्ट बाहेर काढली म्हणून चिडलो होतो तिच्यावर. दाराबाहेर चपलांपाशी बसलेली म्हातारी म्हणाली, काय खणखणीत आवाज लागला तिचा.

प्रतिभा माझ्या घरी आली, तिने पाण्याला हात लावला नाही. विचारलं, "मावशी, तुमी बोलल्या काय?"

"नाही. तू?"

"नाही वं."



कोणाच्या तरी सुनेने स्टेजच्या बाजूने मोबाईलवर शूटिंग केलं होतं. ते मी कितीदा पाहिलं असेल. शूटिंगमध्ये प्रतिभा तळहात उघडते. तिचे ओठ मिटलेले, माझेही मिटलेले. पुढे फक्त पंख्याची घरघर... आणि त्या शांततेत मागच्या रांगेतली माणसं एकेक करून माना खाली घालतात.